चौतीस कंबरेचा सदरा

मास्तर माणसाला नावाने ओळखत नसत, इंचांनी ओळखत. आमचे सेठ म्हणजे बेचाळीस. समोरचा पानवाला अडतीस. मी तीस. "तीस, इकडं ये गा," अशी हाक आली की मी गादीवरून उठायचो. पहिला महिनाभर मला वाटलं, पगारावरून टोमणा मारतात. मग कळलं, ती माझी कंबर होती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. शाळा मी चौथीत सोडली, तिथल्या मास्तरांची आठवण काढावी असं काही नाही. हे शिंपी मास्तर. नागपूरच्या इतवारीत आमचं कापडाचं दुकान होतं. आमचं म्हणजे सेठचं. मी तिथे बायांना पातळं उलगडून दाखवायला बसायचो. दुकानाच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या हाताला, मास्तरांची मशीन. मास्तरांनी ओट्याचं भाडं द्यायचं नाही, सेठने मास्तरांना पगार द्यायचा नाही, आणि मास्तरांनी दाराकडे लक्ष ठेवायचं, असा सौदा. पातळाला फॉल लावता लावता आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, आणि आत गेलं तेवढंच बाहेर आलं का, ते पाहायचं.

'तेवढंच' हे मी गमतीने लिहीत नाही. मास्तर खरंच तेवढं मोजत. बाई आत जाताना एक नजर, बाहेर येताना दुसरी. तोंडात टाचण्या धरून पुटपुटायचे, "जाताना अठ्ठावीस, येताना तीस. इतवारीच्या हवेत दोन इंच वाढत नसते कोणी."

स्वतः काडीसारखे बारीक. कानावर खडू, गळ्यात टेप. लग्नात टेप, बारशाला टेप, मयतीतही टेप. समोरचा पानवाला वारला तेव्हा आम्ही सगळे घाटावर गेलो. लाकडं रचणं चाललं होतं. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अडतीसचा तेहतीस करून टाकला गा दुखण्यानं." मी दुपट्टा तोंडात कोंबला. लोकांना वाटलं मी रडतो आहे. पानवाल्याच्या भावाने मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं.

इतकी वर्षं ओट्यावर बसून मास्तर कधी दुकानाच्या आत आले नाहीत. पाऊस तिरपा यायचा, मशीन भिजायची, तरी नाही. सेठ म्हणायचे, आत सरका. मास्तर म्हणायचे, "उंबरठा ओलांडला का मी गिऱ्हाईक झालो. गिऱ्हाईकाले माल दिसते, दार नाही दिसत." चहासुद्धा बाहेरच. पिकोच्या दोऱ्याचा रंग जुळवायचा असेल तर आम्ही पातळ घेऊन दारात जायचं.

आम्हाला त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. मशीन चालू आहे तोवर सगळं ठीक. मशीन थांबली की समजायचं, आत कोणाचा तरी हात चालू झाला. मग आम्ही समोरच्या ढिगाची घडी घालायला लागायचो, नग मनात मोजायचो, बाईच्या पिशवीजवळचा माल हळूच आपल्याकडे ओढायचो. चोरटी बाई फार हुशार असते, चारी दिशेला पाहते. पण आवाज थांबला हे काही तिच्या ध्यानात येत नाही. आवाज झाला तर माणूस दचकतो, बंद झाला तर कोण दचकतं?

त्यातूनही एखादीने काम साधलंच, तर ती ओट्यावर आली की मास्तर टाचण्या हातावर काढायचे आणि अगदी घरच्यासारखं म्हणायचे, "बाई, आतलं पातळ द्या ना, फॉल लावून देतो."

आरडाओरड नाही, हात धरणं नाही. बाईचा चेहरा उतरायचा. "अगं बाई, भाव विचाराचा राहूनच गेला," म्हणत ती परत आत. दोन मिनिटं इकडचं तिकडचं पाहणार, आणि बाहेर येणार ती जशी गेली होती तशी, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. मास्तर मशीनचं पायडल दाबायचे. मशीन चालू.

सेठना हे पटायचं नाही. "मास्टर, एक को तो पकड़ो. दो थप्पड़ पड़ेंगे तो बाकी सुधर जाएँगे."

"सेठ, पकडणं पोलिसाचं काम हाय," मास्तर म्हणायचे. "पकडलं का चोराची इज्जत जाते, दुकानाची जाते, अन चहा पोलीस पिऊन जाते. मी तिले रिकामी घरी पाठवतो. मी सांगतो तुमाले, ती बाई पुन्हा येईन, अन पैशे देऊन नेईन."

काही खरंच यायच्या. येताना मास्तरांकडे पाहायच्या नाहीत, एवढंच.

नायलॉन आलं तेव्हा मात्र मास्तरांचा संताप झाला. सुती लुगडं चोरायचं तर गाठोडं होतं, लपवायला जागा लागते. नायलॉनचं अख्खं पातळ मुठीत मावायचं. "चोरट्यायले कारखानदारायनं अहेर देला," असं म्हणत ते पुढ्यातलं नायलॉन असं शिवायचे की जणू त्या कापडाचा काही गुन्हा आहे.

आता मास्तर कधी चुकले नाहीत असं नाही. दोनदा चुकले, दोन्ही वेळा जोरात.

एकदा एका ठाणेदाराच्या घरचा लग्नाचा बस्ता होता. सासू, सून, आत्या, सगळ्या गादीवर पसरलेल्या. आम्ही पंचवीस-तीस पातळं उघडली. सेठ खुशीत, थंडा मागवला होता. आणि मशीन थांबली.

आम्ही तिघे सेल्समन. तिघांनीही एकदम हातातली पातळं ओढून घेतली. आत्याबाईंच्या मांडीवरचा शालूसुद्धा मी काढून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "काहून गा, पाहू नाही देत काय?" मशीन अजून बंदच. माझ्याआधीपासून काम करणारा म्हातारा सेल्समन, मास्तर त्याला एकतीस म्हणत, त्याने तर सुनेच्या पिशवीकडे टक लावली. सासूबाई उठल्या. "चला वं. इथं आपल्याले चोर समजून राहिले." सगळा बस्ता शेजारच्या दुकानात गेला.

आम्ही बाहेर धावलो तर मास्तर मशीनखाली वाकलेले, रस्त्याकडे पाठ. "पट्टा तुटला ना बे," खालून आवाज आला. "कोणी सुतळी देता काय?"

त्यानंतर ठरलं, पट्टा तुटला तर मास्तरांनी खोकायचं. ते हिवाळ्यापर्यंत ठीक चाललं. हिवाळ्यात मास्तरांना खरा खोकला झाला, आणि पंधरा दिवस आम्हाला काहीच कळेना की मशीन थांबली ती कशाने.

दुसरी चूक हिंगण्याकडच्या एका शेतकरीण बाईची. आत जाताना मास्तरांची नजर तिच्यावर पडलीच नव्हती. बाहेर आली तेव्हा अंगकाठीच्या मानाने कंबरेला चांगली चार इंच जास्त. मास्तर गोड आवाजात म्हणाले, "बाई, आतलं पातळ द्या, फॉल लावून देतो."

बाई थांबली. तिने मास्तरांना वरून खाली पाहिलं. मग वरच्या कोऱ्या पातळाचा काठ हाताने उचलून आतलं दाखवलं. आत जुनं सुती, ठिगळ लावलेलं. "भाचीच्या लग्नातून येऊन राहिली मी. अहेराचं पातळ अंगावर घालूनच मांडवाच्या भायेर निघा लागते. तुह्या मायनं नाही सांगतलं काय तुले? का मायलेही कोणी अहेर नाही केला?"

रस्ता थांबला होता. मास्तर मशीनवरून उठले. कामाच्या वेळी उठलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले. हात जोडून म्हणाले, "चुकलो, मायबाई." मग त्या बाईच्या अहेराच्या पातळाला तिथेच फुकट फॉल लावून दिला. तो लावेपर्यंत ती ठिगळाच्या लुगड्यात ओट्यावर पाय सोडून बसली आणि मास्तरांना लग्नातली भाजी कशी खारट होती ते सांगत राहिली. त्या दिवसापासून मास्तर आधी बाईच्या केसांत अक्षता आहेत का ते पाहत, मग कंबर.

हे झालं गिऱ्हाइकांचं. नोकरांचं वेगळं.

गिऱ्हाईक चोरतं त्याहून जास्त नोकर चोरतो, हे सेठला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. सेठच्या मनात आलं की रोज घरी जाताना प्रत्येकाची झडती घ्यायची. मास्तर म्हणाले, "नका घेऊ. झडती घेतली का माणूस दुसऱ्या दिवशी चोर होऊनच येते. आजच झडती देली, मंग आजच काहून नाही न्यावं, असं वाटते त्याले." मग त्यांनी आपली रीत काढली. सगळ्या नोकरांना दुकानाकडून सदरे, मास्तरांच्या हातचे, बिनखिशाचे. खिसाच नाही तर घालणार कशात? विडी कुठे ठेवायची असं एकतीसने विचारलं, तर मास्तर म्हणाले, "कानावर. मी खडू ठेवतोच ना."

आणि दुसरी रीत म्हणजे माप. महिन्यातून एखाद्या दिवशी, कधी ते कोणाला ठाऊक नाही, आम्ही घरी निघालो की मास्तर मशीन थांबवायचे आणि म्हणायचे, "चला, सदऱ्याचं माप. आधी ज्याले मोकळं व्हाचं असन त्यानं मागं जाऊन या."

मागे म्हणजे गोदामाशेजारच्या मुतारीत. ज्याच्या अंगावर काही असे, तो मुकाट्याने मागे जायचा, जिथलं तिथे ठेवायचा, आणि येऊन माप द्यायचा. कोण गेलं ते मास्तर पाहत नसत. तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड. वर्षातून एक सदरा मिळायचा आणि मापं दहादा व्हायची, पण कोणी कधी विचारलं नाही की एवढी मापं कशाला.

आता माझं सांगतो. खोटं कशाला लिहू, ते सांगण्यासाठीच बसलो आहे.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आम्ही लकडगंजमध्ये एका खोलीत राहायचो, आरागिरणीच्या मागे. बायकोला सहावा महिना. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण, आणि तिची मोठी बहीण येणार होती. बहिणीचा नवरा रेल्वेत. बहिणीच्या डोहाळजेवणात हिरवं रेशमी पातळ होतं, ते तिने आमच्या हिला दहादा सांगितलं होतं. माझ्या बायकोने मला एकदाही सांगितलं नाही की मला पाहिजे. फक्त एकदा भाकरी थापताना म्हणाली, "हिरव्या रंगात माणूस जरा गोरं दिसते, नाही काय?" ती सावळी होती. मी म्हटलं, दिसते. आणि मला झोप लागेना.

मे महिना. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार दुकान बंद ठेवायचो आम्ही, नागपूरचं ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर नसायचं. त्या दिवशी साडेअकराला मी मागे गेलो आणि एक हिरवं पातळ, बारीक जरीचं, सदऱ्याच्या आत कंबरेला गुंडाळलं. पाच वार. अंगातून पाण्याची धार. मास्तरांचा बिनखिशाचा सदरा वर, आणि मनात म्हणत होतो, बघू कसा खिसा लागतो.

दारात आलो आणि मशीन थांबली.

"चला, सदऱ्याचं माप," मास्तर म्हणाले. "ज्याले मोकळं व्हाचं असन त्यानं मागं जाऊन या."

मी जायला पाहिजे होतं. दोन पावलांवर मुतारी. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात भूत होतं. मला वाटलं, गेलो तर मास्तर जिंकले. नाही गेलो तर काय करतील? फॉल लावतील? मी तसाच उभा राहिलो.

मास्तरांनी जरा वाट पाहिली. रस्त्याकडे तोंड करून, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग वळले. माझ्या कंबरेभोवती टेप फिरवला. बोटं कापडावरून गेली. खाली काय आहे, जरीचा काठ कोणत्या गिरणीचा, तेसुद्धा त्यांना कळलं असणार. एकतीस वही घेऊन मापं लिहायला उभा.

"चौतीस," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "काल तीस होता. सासरवाडीचं तूप लागलं वाटते."

"लिही," मास्तर एकतीसला म्हणाले. "चौतीस."

आणि मला जाऊ दिलं.

घरी येऊन मी पातळ बायकोसमोर ठेवलं. म्हटलं, सेठने खुशीने दिलं. तिने ते अंगाला लावून पाहिलं. डब्याच्या झाकणात चेहरा पाहिला. आरसा होता घरात, पण हाताशी झाकण होतं. एवढंच आठवतं मला त्या दिवसाचं, आणि ते पुरेसं आहे.

पुढचे आठ दिवस मास्तर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हाक मारायचे तेवढी. पण आता हाक 'चौतीस' अशी. आठव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात नवा सदरा ठेवला. घातला तर मी आणि माझ्यासोबत अजून एक पातळ मावेल एवढा. सायकलवर बसलो की त्यात वारा भरायचा आणि मी फुगलेल्या पोत्यासारखा दिसायचो.

बायको घरी सदरा पाहून म्हणाली, "मास्तरचं माप कधी चुकते काय? इतके दिवस तुम्हीच सांगून राहिले का चुकत नाही म्हणून."

"म्हातारा झाला," मी म्हटलं.

"मी विचारतो त्याले." नागपुराकडच्या बायका असंच म्हणतात, विचारतो, जातो. आणि ती म्हणाली म्हणजे करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सदरा घेऊन ओट्यावर हजर. मी आत गादीवर, समोर दोन गिऱ्हाइकं. मला तिचा आवाज येत होता. "हे काय शिवलं मास्तर? याच्यात तर आमचे दोन जण येते." मास्तर काहीतरी म्हणाले. ती पुन्हा काहीतरी. मग मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. ते हळू बोलले, अगदी हळू. मला ऐकू आलं नाही. तिने सदऱ्याची घडी घातली आणि निघून गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नोकरी जाण्याची भीती होतीच, ती कोणाला नसते. पण मी त्या दिवशी घरी गेलो तो वेगळ्याच भीतीने. नोकरी दुसरी मिळते. बायकोच्या नजरेतून उतरलो तर कोणत्या दुकानात जाऊन माप द्यायचं?

तिने ताट वाढलं. वरण, भात, आंब्याचं लोणचं.

"काय म्हणे मास्तर?" मी विचारलं.

"माप बरोबर हाय म्हणते," ती म्हणाली. "लोणचं पाहिजे काय अजून?"

मी घेतलं. जेवण झाल्यावर तिने विचारलं, "उद्या दुकानातच राहाल काय तुम्ही?" मी म्हटलं, नाही, स्टेशनवर कापडाच्या गाठी सोडवायला जायचं आहे, दिवस जाईल. ती बरं म्हणाली.

डोहाळजेवणाच्या दिवशी ती लग्नातलंच लाल पातळ नेसली. मी विचारलं, हिरवं कुठं आहे? म्हणाली, "माहेरच्या वहिनीले देलं. तिले पोर नाही, हात लावून पाहत होती, मले राहवलं नाही." तिच्या बहिणीने नाक मुरडलं. मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही. ज्याच्यासाठी मी चोर झालो ते पातळ हिने फुकट वाटलं, असं मला वाटत होतं. पण आतून सुटल्यासारखंही झालं. हिला काही कळलं नाही, हे नक्की.

सदरा वर्षभर घातला. बाजारात पोट्टे 'तंबू आला' म्हणायचे. तिच्या हाती शिवण चांगली. मी म्हटलं, बाजूने आत घे जरा. ती म्हणायची, "राहू द्या, वारा लागते." दहादा म्हटलं, दहादा वारा. पुढे दुसऱ्या पोरीच्या वेळी तिने तो सदरा उसवून झबली शिवली. ढिला होता म्हणून तीन निघाली. त्यानंतर मी दुकानातली सुतळीसुद्धा घरी आणली नाही. साधू झालो म्हणून नव्हे. कंबरेला वारा लागायचा म्हणून.

मास्तरांनी मशीन बंद केली ती डोळ्यांमुळे. सुईत दोरा जाईना. शेवटच्या दिवशी ते उठले, गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला, चपला काढल्या, आणि उंबरठा ओलांडून आत आले. मास्तर येऊन माझ्यासमोर गादीवर बसले. गिऱ्हाइकासारखे.

"धोतर दाखव," म्हणाले.

मी धोतरं काढली. ते बोटाने पोत पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुले एक सांगाचं राहून गेलं. तुही बायको सदरा घेऊन आली होती, आठवते काय?"

"आठवते."

"तिनं विचारलं, माप असं कसं? मी म्हटलं, बाई, माप बरोबर हाय. त्या दिवशी त्याच्या अंगावर तेवढंच होतं."

माझे हात धोतरावरच थांबले. "मास्तर, तुम्ही तिले सांगतलं?"

"मी माप सांगतलं. बाकीचं ती समजली." त्यांनी दुसरं धोतर उलगडलं. "दुसऱ्या दिवशी आली. तू स्टेशनवर होता. पोटुशी होती ना गा ती. पोट पुढं असते. हिचं मागूनही वाढलं होतं. मी पाहून राहिलो. मशीन थांबवाची का नाही? मले समजेना. भायेर येणारीले थांबवतो मी, आत जाणारीले काहून थांबवू? आत बसली, एकतीसनं हिरवी पातळं दाखवली, दहा-बारा. काही नाही घेतलं. उठली, भायेर आली. जाताना चाळीस, येताना छत्तीस."

मी समोरच्या धोतरांची घडी घालायला लागलो.

"इतक्या वर्षांत उलटं माप तेवढंच पाह्यलं मी," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी संध्याकाळी मी सेठले सांगणार होतो. नऊ दिवस थांबलो होतो तुह्यासाठी, दहावा दिवस होता. तिनं दारात मले म्हटलं, मास्तर, सदरा ढिलाच राहू द्या. घालन तो वर्षभर." मग त्यांनी एक धोतर बाजूला काढलं. "हे दे. अन पावती फाड, तीस."

बऱ्याच वर्षांनी तीस.

त्या रात्री मला तिला सांगायचं होतं की मला सगळं माहीत आहे. ती पोरींच्या वेण्या घालत होती. म्हटलं, उद्या सांगू. आणि तो उद्या मी आयुष्यभर पुढे ढकलला. ती मला ठाऊक नाही असं समजून राहिली, मी तिला ठाऊक नाही असं वागत राहिलो. संसार त्याने काही अडला नाही, चांगला झाला. कधी भांडण झालं आणि मी फार चढलो, की ती एवढंच म्हणायची, "सदरा ढिला शिवू काय?" मी गप्प बसायचो, आणि का गप्प बसलो ते समजलं नाही असं दाखवायचो.

चार महिने झाले ती गेली. दुखण्याने वाळून गेली होती. शेवटी कितीची उरली होती ते सांगायला मास्तर नव्हते, आणि मला मोजायचं नव्हतं. घरात आता आवाज नाही. भांडं नाही, बांगडी नाही. दुपारी बसलो की कान लागतो आणि वाटतं, मशीन थांबली आहे, उठून पाहायला पाहिजे काय गेलं ते.

ती गेली त्या दिवशीचं सांगतो. सवाष्ण गेली. हिरवं पातळ नेसवून न्यायचं, आणि ते माहेरचं असावं ही रीत. तिचा भाचा आणायला निघाला. मी म्हटलं, थांब, मी जातो. पोरी म्हणाल्या, "बाबा, तुम्ही कुठं जाता या वेळी?" मी गेलो. आमचं दुकान आता नाही, त्याच रस्त्यावर दुसरं मोठं आहे. डोक्यावर कॅमेरे. मी हिरवं रेशमी मागितलं, बारीक जरीचं. दारावर वर्दीतला माणूस होता. त्याने पावती घेतली, भोक पाडलं, परत दिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगाला चार पातळं गुंडाळून निघालो असतो तरी त्याला कळलं नसतं.

बायकांनी तिला नेसवलं. ओटी भरली, तांदूळ, हळकुंड, नारळ. मग मला बोलावलं. मी वाकलो आणि पावतीची घडी करून तिच्या ओटीत तांदळाखाली सरकवली.

मोठी पोरगी म्हणाली, "काय ठेवलं, बाबा?"

"पातळाची पावती हाय," मी म्हणालो. "राहू दे. तिले दाखवाची राहिली होती."